चोरखिशाची नाडी

आजकाल माझा हात मशीनवर टिकत नाही. चार टाके घातले की उठतो, दारात जाऊन येतो, उगाच कात्री उचलून पुन्हा खाली ठेवतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून चिडचिड तिच्यावरच निघते.

धाड गावात माझं शिलाईचं दुकान आहे. शर्टपँट आता सगळे तयारच घेतात. माझं पोट चालतं ते बंडीवर आणि तिच्या आतल्या चोरखिशावर. आत मांजरपाटाचं दुहेरी कापड, तोंडाला नाडी. नाडी ओढली की तोंड आवळतं आणि बाजारच्या गर्दीत कोणाचा हात आत जात नाही. या नाडीचा मला भारी तोरा होता.

माझा एक शाळासोबती मोठा बागायतदार आहे. रस्त्यात लुटारूंनी दोनदा जीप अडवल्यावर त्यानं रिव्हॉल्व्हरचं लायसन काढलं. सोबत चामड्याचं कडक कव्हर घेतलं होतं, पण ते त्याला आवडेना.

"सदऱ्यातून वर येते बे. अख्खा बजार माह्या कमरेकडेच पाहून राह्यला. तू मले पँटीत आतून चोरखिसा करून दे."

मी करून दिला. नोटांना करतो तसाच, नाडीसकट. वस्तू बदलली तर खिसाही बदलावा लागतो, एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही. वर त्याला ऐकवलं, "आता पळत सुटलास तरी पडणार नाही."

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. बाजाराचा दिवस, सकाळची वेळ. तो पँट घालून खिसा बघायला आला. खंडेनवमीला त्याच्या घरी विळेकोयत्यांबरोबर रिव्हॉल्व्हरचीही पूजा झाली होती. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मुठीला लाल धागा गुंडाळला होता, नळीवर कुंकू होतं.

"गोळ्या काढल्या ना?" मी विचारलं.

"रिकामं घेऊन फिरायले मी येडा हाय का?"

तो पडद्यामागे गेला. थोड्या वेळानं म्हणाला, "अडकून राह्यलं बे."

"जोर लाव," मी म्हणालो. मशीनवरून मान वर न करता म्हणालो.

आवाज झाला आणि पडदा त्याच्यासकट खाली आला. मांडीतून रक्त येत होतं. मी धावलो. रिव्हॉल्व्हर अजून खिशात रुतलेलं होतं आणि माझ्या नाडीचा फास चापाला अडकला होता. त्यानं खाली रेटलं, नाडीनं चाप ओढून धरला. दुसरी गोळी सुटू नये म्हणून मी कात्रीनं नाडी कापली. ते बरोबरच केलं. पण माणसं आत यायच्या आधी ते तुकडे चिंध्यांच्या पोत्यात टाकले, त्याला काय म्हणू?

लोकांना लाल धागा दिसला. पोलीस आले, त्यांनाही तोच दिसला. मी सांगितलं, "मी मशीनवर होतो, काही पाहिलं नाही." त्याची मांडी वाचली, हाड शाबूत राहिलं, आठवड्यानं तो घरी आला. गावात मात्र एकच गोष्ट फिरत होती, की बायकोनं बांधलेला धागा नवऱ्यावर उलटला.

मी दोन दिवसांआड भेटायला जायचो, मोसंबी घेऊन. वहिनी ओसरीवर काही निवडत बसलेल्या असायच्या. पट्टी त्याची आई बदलायची. मनात म्हणायचो, उद्या सांगू. घरी येताना सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याचीच लाज वाटायची.

मग एक निवृत्त हवालदार पँटची लांबी कमी करायला आले. बोलणं त्याच विषयावर गेलं.

"कापडी खिशात कोनी ठेवते काय? कव्हर कडक पाह्यजे, चाप पुरा झाकला पाह्यजे, तोंडाशी नाडीदोरी काईच नको. अन् घालताना अडकलं तं थांबा, भाईर काढा, पाहा. जोर नाही लावाचा कधी."

त्यांची पँट तशीच टाकून मी दुकानाला कुलूप लावलं.

वहिनी ओसरीवरच होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "वहिनी, तुमचा धागा मुठीलाच होता. चापाला माझी नाडी अडकली. मीच त्याला जोर लाव म्हणालो, आणि नाडी कापून लपवली."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्हाले कधीपासून माहीत होतं, भाऊजी?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "बावीस दिवस झाले. मले त्याईच्या खाटेजवळ जाऊ देल्लं नाही. माह्या हाताले दोष आहे म्हने. मलेबी तसंच वाटू लागलं होतं."

आत तो सगळं ऐकत होता. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तिले दूर राय म्हननारा मीच होतो."

वहिनी उठल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, आत गेल्या आणि सासूच्या हातातून कापूस घेतला. पट्टी सुटली तेव्हा त्यांनी ती जखम पहिल्यांदा पाहिली. मला कोणी बसा म्हणालं नाही.