आम्हाला चालत नाही

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ती बाई ‘मी’ म्हणायचंच विसरली होती. दुकानात कुणाचा वाढदिवस असला आणि केकचा तुकडा पुढे आला, की ती हसून म्हणायची, “आम्हाला चालत नाही.” नव्याने लागलेल्या विक्रेत्याला वाटलं, बाई राजघराण्यातल्या असाव्यात. जुन्यांना ठाऊक होतं, चालत नव्हतं ते तिच्या मुलीला.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी ठरणं तिला माहीतच नव्हतं. पण शाळेत जायला लागली त्या वर्षी ही भिंगरी मंदावली. पोट फुगायचं, वजन वाढेना, जिना चढला की धाप लागायची. बऱ्याच तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही, एक कणसुद्धा नाही, आणि हे जन्मभराचं आहे. औषध असं काही नाही, पथ्य हेच औषध.

आई घरी आली आणि पदर खोचून कामाला लागली. गव्हाचं पीठ गेलं, बिस्किटं गेली, जुनी चाळणी आणि लाकडी चमचे गेले. बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला तिने दुकानातलं भिंग घरी आणलं. कुणाकडे जेवायला गेलं, की ती घरच्या बाईची अशी उलटतपासणी घ्यायची, की पुढच्या वेळी बोलावणंच येत नसे. भिंगरी मात्र हळूहळू टवटवीत झाली आणि पुन्हा घरभर गरगरायला लागली.

आता, जे लेकीला मिळणार नाही ते आपणही तोंडात घालायचं नाही, हे आईने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर कुणी विचारलंही नाही. तो आपोआप त्यात धरला गेला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस साधा, पण पावावर त्याचा जीव. काही दिवस त्याने कळ काढली, मग कामावरून येताना बेकरीशी उभ्या उभ्या पाव खायला लागला. घरी येण्याआधी कपडे झटकायचा, खळखळून चूळ भरायचा. शेजाऱ्यांना वाटलं, हा पिऊन येतो. एकदा कपडे धुवायला काढताना बायकोला त्याच्या खिशात चुरा सापडला. भुसा आहे म्हणाला. लिफ्टमध्ये भुसा कुठून आला, असं तिने विचारलं, तर लिफ्ट लाकडी होती म्हणाला. तिने चुरा भिंगाखाली धरला. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भिंगरी बोलत होती.

बाईचं स्वतःचं जेवण म्हणाल, तर ते कधी व्हायचं हे तिलाही सांगता आलं नसतं. लेकीचा डबा करताना चव घ्यायची, फसलेले बिनगव्हाचे पाव वाया नकोत म्हणून उभ्याने चघळायची, ते विटेसारखे जड. बाकी चहावर. मग दुकानात तिला गरगरायला लागलं. एका आजोबांच्या चष्म्यात तिने उजवी काच डावीकडे बसवली, आणि ते बिचारे घरातली जमीन कलली म्हणून गवंडी बोलवायला निघाले होते.

त्याच सुमारास भिंगरीची नेहमीची तपासणी आली. आहारतज्ज्ञ बाईंनी अहवाल पाहिले. सगळं उत्तम होतं. मग त्यांनी नजर वर केली आणि आईकडे जरा वेळ पाहिलं.

“तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?”

“आम्ही भात आणि...”

“तुम्ही. एकट्या.”

उत्तर भिंगरीने दिलं. “ती चव घेते. तेवढंच.”

आहारतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलीचं पथ्य आपण लिहून दिलं होतं, आईचं कुणी लिहून दिलं, असं त्यांनी विचारलं. स्वयंपाकघरात गहू नको हे बरोबर. पण बाहेर खावं, हात-तोंड धुवावं आणि घरी यावं. तुम्ही आडव्या झालात तर हिचं पथ्य कोण सांभाळणार? आईने मान डोलावली. काहीही ऐकायचं नाही हे ठरवलेले लोक डोलावतात, तशी.

भिंगरीने मान डोलावली नव्हती. परतताना बेकरी लागली, तशी ती बाहेरच्या बाकावर फतकल मारून बसली आणि स्वतःचा शेंगदाण्यांचा डबा उघडला. “आत जा. बाबा खातात तो पाव घे.”

“बाबा खातात हे तुला कुणी सांगितलं?”

“त्यांच्या मिशांना वास येतो.”

आई गरम पाव घेऊन बाहेर आली, तो चोरलेला असावा अशा चेहऱ्याने. तुझ्यासमोर तो घशाखाली उतरायचा नाही, असं काहीतरी ती पुटपुटली.

“आई, मला चालत नाही,” भिंगरी म्हणाली. ढ पोराला गणित समजवावं तसा आवाज. “तुला चालतं.”

आईने घास घेतला.

“कसा लागतो?”

“काही खास नाही. कापसासारखा.”

भिंगरीच्या भुवया चढल्या. “सगळे मला असंच सांगतात. मग लोक रांग का लावतात? खरं सांग.”

आईने दुसरा घास घेतला, या वेळी सावकाश. मग तिने खरं सांगितलं. वरचा पापुद्रा दाताखाली कुडकुडतो, आतून वाफ येते, आधी किंचित गोड लागतं, मागून मीठ येतं, आणि गिळायच्या आत जीभ पुढचा घास मागते. सांगताना तिचे डोळे भरून आले होते, ते तिच्या लक्षातही आलं नाही. भिंगरी शेंगदाणे चावत कान देऊन ऐकत होती.

“मलाही खावासा वाटतो,” ती म्हणाली. “पण पोट दुखण्याइतका नाही. अजून एक घे, शेवटचं नीट कळलं नाही.”

आईने अजून एक घेतला. नंतर नळावर हात-तोंड धुताना लेक शेजारी उभी राहून सांगत होती, नखं, आता ओठ, पुन्हा नखं.

घरात गहू आजही नाही. पण नवरा बेकरीत बसून खातो, आणि बाई दुपारी दुकानातल्या मैत्रिणींबरोबर जेवायला जाते. घरी आली की भिंगरीला साग्रसंगीत वर्णन लागतं, आणि हातचं राखलेलं तिला लगेच कळतं. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या निरोपाला कुणीतरी घरून केक करून आणला होता. तो कसा होता, हे आईने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं: साबण, त्यावर साखर, आणि शेजारी तो करणारी बसलेली, त्यामुळे दुसरा तुकडाही घ्यावा लागला. भिंगरी हसून हसून खुर्चीवरून घसरली, आणि बाबा आल्यावर तिने ते सगळं आईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.