अण्णांचे पाय ऐकत नव्हते

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं. राग स्वतःवरच हाय.

माझे वडील, अण्णा, बोरीत किराणा दुकान चालवायचे. वर्षभरापासून म्हणायलेत, "पाय जमिनीला चिकटायलेत रे." आमी तीनदा चपला बदलल्या! सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे अन् पुढं काय करायचं तेच विसरायचे. पाहुणे म्हणाले, वय झालं.

मग धोतर ओलं व्हायला लागलं. पूजेत तसं होऊ नये म्हणून मी त्यांचा पाण्याचा तांब्याच उचलून ठेवला.

आज परभणीत मेंदूच्या डॉक्टरांनी अण्णांना चालायला लावलं, स्कॅन बघितला अन् मला झापलं. "मेंदूत पाणी साचलेलं दिसतंय. चाल, लघवी, आठवण, तिन्ही बिघडलं तरी घरीच ठेवलं? बऱ्याच जणांना ऑपरेशननं फरक पडतो."

"वय झालं" हे काय निदान हाय का?

परतताना चहाला थांबलो. अण्णांनी पाण्याचा ग्लास उचलला, माझ्याकडं बघितलं अन् हळूच विचारलं, "पिऊ का रे?"

तुमच्या घरात कुणाचा तांब्या उचलून ठेवलाय?