रेफरीला बोलवा

"पोरगी पळते घोड्यासारखी. पण मॅच डोक्यानं जिंकतात. आणि ते तुमच्यात कुठून यायचं?"

सेक्रेटरीसाहेब हे आबांना म्हणाले. नगरच्या टेनिस क्लबात, चारचौघांत, माझ्यासमोर. मी चौदा वर्षांची होते. त्यांच्या मुलीशी, मृणालशी, फायनल खेळून नुकतीच हरले होते. पाच-दोन अशी पुढे होते. तिथून हरले.

आबा माझे वडील. क्लबात कामाला. कोर्टाची लाल माती दाबायची, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. आबा हसले. हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब. खरं हाय."

हरल्याचं रडू आलं नव्हतं. त्या हसण्याचं आलं.

'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे कुणी फोडून सांगितलं नाही. गरजच नव्हती. आम्ही बौद्ध. क्लबात तो विषय कुणी काढायचा नाही, आणि कुणी विसरायचाही नाही.

मला रॅकेट मिळाली तीही मृणालसाठी. सरावाला तिला समोर कुणीतरी हवं होतं. तिनं मारायचं, मी परत करायचं. परत करता करता मी शिकले. ते त्यांना चाललं. स्पर्धेत नाव घातलं, ते खटकलं.

पुढच्या पाच वर्षांत मी तिच्याकडून सहा वेळा हरले. तऱ्हा एकच. जिंकायला आले की हात थरथरायचे. चेंडू जाळीत. साहेबांना ते वाक्य पुन्हा बोलावंच लागलं नाही. मीच मला ऐकवायची.

बारावीनंतर नागापूरला एमआयडीसीत लागले. पहिली पाळी. सुटल्यावर गोदामाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायचे, अंधार पडेपर्यंत.

गेल्या वर्षी पुन्हा फायनल. पुन्हा मृणाल. आदल्या दिवशी आई कपडे पिळत होती. एकदम म्हणाली, "एक इचारू? तू खेळतीस कुनाशी? तिच्याशी का तिच्या बापाशी?"

मी पिळलेले कपडे दोरीवर टाकत राहिले.

पहिला सेट दोन-सहा गेला. दुसऱ्यात एक-चार. आमच्या स्पर्धेत कोर्टावर पंच नसतो, वाद झाला तरच रेफरीला बोलवायचं. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते ज्यानं त्यानं सांगायचं. माझा एक फटका मागच्या रेघेवर पडला. चुना उडालेला मी बघितला.

"आउट," मृणाल म्हणाली. आणि पाठ फिरवली.

इतकी वर्षं मी तिचं आउट ऐकून मान डोलवत आले होते. दर वेळी. शंका आली तरी. त्या दिवशी मान हललीच नाही.

"खूण बघायची आहे," मी म्हणाले.

"काय?"

"मातीवर खूण असेल. रेफरीला बोलवा."

कोर्टाशेजारच्या मांडवात बसलेले लोक वळून बघायला लागले. रेफरी आले, वाकले. खूण अर्धी रेघेवर होती. ती रेघ सकाळी माझ्या बापानं ओढली होती.

"चेंडू आत आहे," रेफरी म्हणाले.

तो गेम मी घेतला. पुढचाही. मृणाल चिडली, जोरात मारायला लागली. मी परत करत राहिले. तेच तर मला शिकवलं होतं त्यांनी. दुसरा सेट सात-पाच. माझा.

तिसऱ्यात पाच-चार, सर्व्ह माझी. एक पॉइंट, की संपलं. आणि हात थरथरले. दोन्ही सर्व्ह जाळीत.

"बघा आता. गेलं डोकं," साहेब मांडवातून म्हणाले. हळू नाही. मला ऐकू येईल असं.

मी वळले. त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी नजर काढून घेतली आणि मोबाईल बघायला लागले. तेव्हा कळलं, हा माणूस मला घाबरतो. आजचा नाही. मी चौदा वर्षांची होते तेव्हापासून.

तो गेम गेलाच. पाच-पाच. हात काही थांबले नाहीत. पण मी ते थांबायची वाट बघणं सोडलं. तिच्या सर्व्हचा गेम घेतला. सहा-पाच. मग थरथरत्या हातांनीच सर्व्ह केली. एकदा. पुन्हा एकदा. सात-पाच.

आबा कुंपणापाशी पाण्याचा पाइप धरून उभे होते. पाणी त्यांच्याच पायावर चाललं होतं.

बक्षिसाला साहेबांनी माईक घेतला. "आणि विजेती, आपल्या क्लबच्या कामगाराची मुलगी..."

मी जागेवरूनच म्हणाले, "साहेब, नाव घ्या माझं. आडनावासकट."

त्यांनी कागदात बघितलं. नाव घेतलं. आडनाव जरा खालच्या आवाजात घेतलं, पण घेतलं. मग मी उठले.

सोमवारी आबांना क्लबातून निरोप आला. उद्यापासून येऊ नका. कारण सांगितलं नाही.

मी आबांसमोर बसले. आबाच आधी बोलले. "माजं वाईट वाटून घेऊ नगं. त्या दिवशी मी हसलो हुतो ना, ते मला लई लागलंय."

पाच वर्षं मला वाटायचं, ते हसणं फक्त मलाच आठवतं.

आता आबा नागापूरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मी अजून पहिल्या पाळीला जाते. यंदाच्या स्पर्धेचा फॉर्म मी भरला आहे. क्लबातल्या एकानं सांगून पाठवलं, "कशाला वाद वाढवतेस? दुसरीकडे खेळ की."

मी दुसरीकडे खेळणार नाही. त्याच कोर्टावर खेळणार. कामगारांच्या मागच्या दारानं नाही, पुढच्या गेटानं आत जाणार. जिंकेन किंवा हरेन, ते तिथं ठरेल. पण आबा मांडवात बसतील. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, मॅच संपेपर्यंत.

कुणी उठवून दाखवावं.