उजव्या हाताचा रॉड

डिसेंबरच्या शेवटी आमच्या कंपनीचं शटडाऊन असतं. त्या आठवड्यात समुद्रावर जाऊन गळ टाकायचा, ही कल्पना माझी. घरात सगळ्यांना नवल वाटलं, कारण सुट्टी म्हणजे झोप असं मानणारा मी माणूस. कंपनीतले काही जण गुरुवारच्या सुट्टीला रॉड घेऊन धरणावर बसतात, त्यांचं वेड मला लागलं असं बायकोला वाटलं. मी तसं वाटू दिलं. मला माझ्या मेहुण्याला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, एक गोष्ट सांगायची होती. आठ वर्षांत ती मला ना त्याच्या घरी सांगता आली, ना माझ्या. मासे धरताना दोन माणसं शेजारीशेजारी तासन्‌तास बसतात आणि दोघंही पाण्याकडे बघत असतात, असं मी ऐकलं होतं. त्याच्या तोंडाकडे न बघता बोलता येईल, एवढाच माझा हिशेब होता.

ती गोष्ट आधीच सांगून टाकतो. आठ वर्षांपूर्वी मी चिखलीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये प्रॉडक्शन बघायचो. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट काढायचं काम होतं. मेहुणा खेडकडच्या आपल्या गावाहून कामाच्या शोधात आला, तेव्हा मीच त्याला प्रेसवर लावला. प्रेसला दोन बटणं असतात, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पत्रा दाबणारा लोखंडी साचा, खाली येतो. म्हणजे तो खाली येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, डायखाली नसतात. पण माल लवकर काढायचा असला की लोक एका बटणात लाकडी पाचर ठोकतात. मग ते बटण दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. आमच्या शेडमध्ये कधीमधी सगळेच हे करत. मेहुण्याला मात्र मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पाचर मारायची नाही, आणि दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय मशीन खाली येत नाही, बिनधास्त काम कर.

त्या दिवशी माल न्यायला टेंपो दारात उभा होता. मेहुणा चहाला बाहेर गेला, तेवढ्यात मी त्याच्या मशीनवर उभा राहिलो. उजव्या बटणात पाचर ठोकली आणि भराभर थोडे नग काढले. मग ऑफिसातून हाक आली म्हणून गेलो. पाचर तशीच राहिली. मेहुणा परत आला. डावा तळवा सवयीने बटणावर दाबून तो उजव्या हाताने डायखालचा पत्रा सरळ करायला लागला.

अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

संध्याकाळी मालक म्हणाला, पाचर ऑपरेटरने मारली असं लिहा, नाहीतर शेडला टाळं लागेल. मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन दवाखान्यात गेलो. मेहुणा अर्धवट गुंगीत होता. मी त्याला विचारलं, "पाचर तूच मारली होतीस ना रे?"

तो बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असंल दाजी. मीच मारली असंल."

डाव्या हाताने त्याने वेडीवाकडी सही केली. त्या दिवसापासून ते त्याला खरंच वाटायला लागलं. शेडमध्ये त्याला परत घेतलं नाही. आता तो दिघीत राहतो आणि एका सोसायटीच्या गेटवर बारा तास वॉचमन म्हणून उभा असतो. नवराबायकोचं वाजलं की त्याची बायको म्हणते, आपल्या हातानं आपला हात कापून घेतला, आता मला काय शिकवतो. तो गप्प बसतो. हे मी माझ्या कानाने, त्यांच्या घरात, त्यांचा चहा पिताना ऐकलेलं आहे.

रॉड घ्यायला मी पिंपरीच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार साठीचा मुसलमान गृहस्थ होता, सगळे त्याला चाचा म्हणत होते. मी आता चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी खोट शोधतो. एकेक रीळ फिरवून पाहिलं, कानाशी धरून बेअरिंगचा आवाज ऐकला, हँडलला खेळ किती आहे ते पाहिलं. रॉडचे सांधे जोडून एका डोळ्याने सरळ आहेत का बघितले.

चाचा हसत म्हणाला, "साहेब, मासे पकडायचेत का नापास करायचेत?"

मग त्याने नीट समजावलं. धरणावरचं स्वस्त रीळ खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत जाम होतं. खडकावरून टाकायचं तर रॉड लांब पाहिजे, नाहीतर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, खडकाला घासून तुटतो. दोरी फार जाड घेतली तर लांब जात नाही. मी सगळं समजून घेतलं आणि दोन रॉड काढले. एक माझ्यासाठी साधा. मेहुण्यासाठी चांगल्यातला, हलका, मऊ बुचाच्या मुठीचा. तो निवडताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. त्याला काहीतरी उत्तम देतोय असं वाटत होतं.

चाचाने रॉड माझ्या उजव्या हातात दिला. "असा धरायचा. रिळाची दांडी बोटांच्या मधी. वरची तार उलटी करायची, दोरी ह्या पहिल्या बोटावर उचलायची, झोका द्यायचा आणि वेळेवर सोडायची. ह्या दोन बोटांचंच काम आहे सगळं. हँडल डाव्या बाजूला लावून देतो. वापरणारे सगळे उजव्या हाताचेच ना?"

"सगळे उजवेच," मी म्हणालो.

त्याच दोन बोटांनी मी दुकानात तीन-चार वेळा दोरी उचलून सोडून पाहिली आणि मेहुण्याचा हात मला आठवला नाही. आठ वर्षं मी रोज स्वतःला अपराधी म्हणत होतो. त्या अपराधात मी होतो, मालक होता, तो कागद होता. मेहुण्याचा हात बहुधा नव्हताच.

मुलांना आजीकडे ठेवून आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. ताम्हिणी उतरून श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात घरगुती राहण्याची सोय होती. मेहुणा वाटेत खुशीत होता. त्याने समुद्र एकदाच पाहिला होता, तोही लांबून. आपल्या बायकोला म्हणाला, "चपला आताच काढून ठेव. नंतर वाहून गेल्या तर मला बोलशील."

"तुमास्नीच वाहून जाऊ द्या, चपला राहू द्या," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही खडकांवर गेलो. मी नवा रॉड मेहुण्याच्या हातात दिला. त्याने तो उजव्या हातात घेतला आणि तिथेच थांबला. दांडी धरायला दोन बोटं उरली होती आणि दोरी उचलायला एकही नव्हतं. त्याने अंगठ्याने दोरी दाबून धरायचा प्रयत्न केला. झोका दिला तर दोरीच्या टोकाचं शिसं पायापाशी पडलं. पुन्हा दिला तर मागे गेलं. तिसऱ्या वेळी मूठच निसटली आणि रॉड खडकावर आपटत पाण्याच्या कडेला जाऊन पडला.

तो स्वतःच उतरून घेऊन आला. हसून म्हणाला, "दाजी, तुमच्या रॉडला बी माझा हात पसंत न्हाई."

"पसंत पडाया हात हाय का?" त्याची बायको मागून म्हणाली. "तो तर आपणच मशीनमदी घातला."

माझी बायको माझ्याकडे बघत होती. "अहो, दुकानात सांगितलं नव्हतं का त्याच्या हाताचं?"

मी खाली बसलो आणि रिळाचं हँडल काढलं. एका बाजूचा स्क्रू सोडवून ते दुसऱ्या बाजूला लावायचं, बस. दोन मिनिटांचं काम. दुकानात एक वाक्य बोललो असतो तर तिथेच झालं असतं. रॉड आता डाव्या हातात धरून डाव्या बोटाने दोरी सोडता येत होती, आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी हँडल फिरवता येत होतं. मेहुणा पाच-सहा वेळा चुकला. नंतर शिसं लांब जायला लागलं. बायका घराकडे परत गेल्या तरी तो टाकतच होता. अकराच्या सुमाराला त्याला एक मासा लागला, वीतभर, चांदीसारखा. नाव आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तो त्याने ओंजळीत धरला आणि लहान पोरासारखं माझ्याकडे बघितलं.

मी तेव्हा सांगितलं. तो इतका आनंदात होता की आणखी थांबलो असतो तर माझ्याच्याने बोलवलं नसतं. टेंपो, चहाची सुट्टी, पाचर, दवाखान्यात मी विचारलेला प्रश्न, सगळं सांगितलं. पाण्याकडे बघत सांगितलं.

त्याने मासा खडकातल्या डबक्यात सोडला आणि हात पुसले.

"म्हंजी मी मारली नव्हती."

"नाही."

"मला आठवायचं न्हाई. किती डोकं घातलं तरी ती पाचर हातात घेतल्याली आठवायची न्हाई. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय."

मी त्याची माफी मागितली. तो तिकडे लक्षच देत नव्हता. उठून उभा राहिला.

"मला सांगून काय उपेग दाजी? तिला सांगा. आठ वर्सं बोलती मला. माज्यासमोर सांगा."

आम्ही घरी गेलो. मागच्या पडवीत त्याची बायको आणि माझी बायको मासे साफ करत बसल्या होत्या, गावातल्या कोळणीकडून घेतलेले. मी उभ्या उभ्याच बोललो. अर्ध्यात माझ्या बायकोने कोयता खाली ठेवला. मेहुण्याची बायको मात्र शेवटपर्यंत हातातला मासा घासतच होती, खवले कधीच निघून गेले होते. मी थांबल्यावर ती नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मी तुमाला काय काय बोलले."

"जाऊ दे," तो म्हणाला.

"भांडं पडलं तरी हात दाखवायचे तुमचा. लेकीसमोर बोलले."

"जाऊ दे म्हनलं ना."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा पिशव्या घेऊन अंगणात आला. "आमी यष्टीनं जातो." मी सोडायला येतो म्हणालो. त्याने नको म्हणून हात केला. माझी बायको त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेली. परत आल्यावर गाडीत मागच्या सीटवर बसली. घाट चढून वर आल्यावर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "राखी बांधताना दर वर्षी तो हात माझ्या हातात असायचा. तुम्ही शेजारी बसून फोटो काढायचात."

आता चार महिने झाले. बायको माझ्याशी गरजेपुरतं बोलते. दिघीला ती एकटी जाते, मला सोडायला-आणायला येऊ नका असं सांगून. आपल्याला शिक्षा मिळतेय, ती योग्यच आहे, असं मी मनाशी म्हणत होतो, आणि त्यात मला थोडं समाधानही मिळत होतं. झोप लागायला लागली होती.

मागच्या गुरुवारी दुपारी मी मेहुण्याच्या सोसायटीवर गेलो. तो गेटवर युनिफॉर्ममध्ये उभा होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं नाही. खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. म्हणालो, एकदा घरी येऊन तुझ्या बायकोची नीट माफी मागतो.

"येऊ नका दाजी," तो शांतपणे म्हणाला. "ती आता बोलत न्हाई."

"माझ्याशी?"

"कुनाशीच. माज्याशी बी न्हाई. भाकरी करती, कामाला जाती, येती. मी म्हनलो, बाई, भांड की. तर नुसती माज्या हाताकडं बघती." त्याने आत येणाऱ्या गाडीचा नंबर वहीत टिपला. "आधी बोलायची, पर मंग हसायची बी. मला सवय झाली व्हती. मी चुकलो व्हतो आन्‌ तिनं सांबाळून घेतलं व्हतं, असं आमचं चाललं व्हतं. आता तिला वाटतं, आपनच गुन्हा केला."

मी म्हणालो, मग मी सांगायला नको होतं का?

त्याने थोडा विचार केला. माझं मन राखायला तो काही बोलेल असं मला वाटलं, कारण आजवर त्याने तेच केलं होतं.

"पयल्या दिवशी सांगायला पायजे व्हतं," तो म्हणाला. मागे एक टेंपो हॉर्न वाजवत होता. त्याने मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि गेट उघडलं.