खिंडीतला नवा देव

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

पुण्यात तेव्हा संगणकाच्या कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि मी कात्रजच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी सातलाच एका शाळेच्या गाइड पथकाच्या बाई धुळीने माखलेल्या गणवेशात आल्या. कात्रजच्या डोंगरातून सिंहगड, तिथून राजगड अशी मुलींची आठ दिवसांची पायी मोहीम होती. पहिल्याच दिवशी मागच्या गटातल्या पाच मुली मुक्कामावर पोचल्या नव्हत्या. वयं बारा-तेरा. बाई आणि गावकरी रात्रभर हाका मारत फिरले होते.

"मागच्या गटाबरोबर मोठं कोणी नव्हतं?"

"नाही. आम्ही पुढे दगडांच्या खुणा मांडत जायचं आणि त्यांनी अर्ध्या तासाने त्या वाचत यायचं, हाच तर सराव असतो."

"असले सराव शाळेच्या मैदानात करायचे, बाई," मी फटकारलं.

मुली अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा नोंदवला. हद्द शहराची की ग्रामीणची, हा वाद नंतरसाठी ठेवला आणि दोन शोधपथकं रवाना केली. तेवढ्यात एका मुलीचे वडील कमरेला पेजर लावून आले आणि हेलिकॉप्टर मागवा म्हणून ओरडू लागले. ठाणे अंमलदारांनी डायरीतून मान वर केली नाही. "मागवतो. डोंगरात उतरवायचं कुठे, तेवढं आपण सांगा."

नऊच्या सुमारास खबर मिळाली. दूध घालायला डोंगरावरून उतरलेला एक शेतकरी हवालदारांना म्हणाला, "वरच्या धनगराच्या गळ्यात पोरींचं निळं फडकं हाय."

धनगराला आणलं. फडकं म्हणजे गाइडचा स्कार्फच होता. खरं सांगतो, मी मनात त्याला तेव्हाच दोषी ठरवून टाकलं. स्टेशन डायरीत 'संशयित' लिहिलं, त्याला फरशीवर बसवलं आणि आवाज चढवला.

"मुली कुठे आहेत?"

"म्या पोरी बघितल्याच न्हाईत, सायेब. फडकं सांजच्याला खिंडीत करवंदीला अडकल्यालं घावलं. देवापाशी."

तासभर तो हेच सांगत राहिला. त्या खिंडीत देव नाही, हे माझ्या हवालदारांना पक्कं ठाऊक होतं. हा खोटं बोलतोय, असं मी म्हणालोही. हात उगारणार, तोच तो कळवळून म्हणाला, "त्यो नवा देव हो! कालच बसल्याला. दगडावर दगूड."

कोपऱ्यात बसलेल्या बाई ताडकन उठल्या. "साहेब, तो देव नाही. ती माझी खूण आहे. दगडावर दगड म्हणजे सरळ जा." मग त्या धनगरासमोर फरशीवरच बसल्या. "दादा, तुम्ही देवाला काही वाहिलंत का?"

"काल सकाळी मेंढरं घिऊन जाताना म्या बी येक दगूड ठिवला. पर देवाच्या डोईवर कसा ठिवनार? उजव्या अंगाला ठिवला."

बाईंनी डोळे मिटले. "दगडाच्या उजवीकडे दगड म्हणजे उजवीकडे वळा."

पुढचं काम सोपं होतं. उजवीकडे पडीक पायवाट होती, घळीत उतरणारी. बाईही बरोबर आल्या आणि धनगरच आमच्या पुढे निघाला. घळ उतरताना शिट्टी ऐकू आली. तीनदा, मग शांतता, पुन्हा तीनदा.

मला रडणाऱ्या मुली दिसतील असं वाटलं होतं. खडकाच्या सावलीत पाच जणी ओळीत बसल्या होत्या. एकीचा पाय सुजला होता. त्याला दोन सरळ काठ्या लावून स्कार्फने व्यवस्थित बांधलं होतं. तेरा वर्षांची गटनायिका उठली, तीन बोटांनी सॅल्यूट करून म्हणाली, "पाच जणी हजर, सर. एक जखमी. पाणी दीड बाटली शिल्लक. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, पाळीपाळीने."

माझा हात आपोआप टोपीकडे गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका चोख अहवाल मला कोणी दिला नव्हता. डोळे भरले, ते मी लपवलंही नाही.

"पुढे का गेला नाहीत?" मी विचारलं.

"पुढची खूण सापडली नाही. खूण नसेल तिथे पाऊल टाकायचं नाही, असं बाई सांगतात."

मी बाईंकडे पाहू शकलो नाही. एका स्कार्फवरून मी सकाळपासून किती पावलं टाकली होती!

जखमी मुलीला धनगराने पाठुंगळी घेतलं. वर खिंडीत पोचल्यावर त्याने तिला खाली टेकवलं आणि गटनायिकेने मागच्या शोधपथकासाठी खडे गोल मांडले आणि मधोमध एक खडा ठेवला. "म्हणजे घरी गेलो," ती म्हणाली.

ठाण्यात परतल्यावर 'संशयित' या शब्दावर रेघ मारून मी सही केली आणि धनगराची माफी मागितली. पुढे नोकरीभर, कोणाचं नाव लिहिण्याआधी ती खिंड माझ्यासमोर उभी राहायची. कारण त्या दिवशी आम्ही खिंडीतून निघालो तेव्हा धनगराने सवयीने वाटेवरचा एक दगड उचलला होता. त्या गोलाशी तो वाकला, थबकला आणि दगड हातातच धरून त्या तेरा वर्षांच्या मुलीला म्हणाला, "ताई, आदी इचारतो. ह्यो हितं ठिवला तर चालंल का?"