नातीचे ओरिजिनल

माझी नात लातूरला नर्सिंग शिकली. चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरी बसली. नोकरी मिळत नव्हती असं नाही. तिथल्या खासगी दवाखान्यांत लगेच मिळत होती, पण सांगितलेला पगार ऐकून माझ्या जावयाने विचारलं होतं, हा आठवड्याचा का? तो महिन्याचा होता. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत पोळ्या करायला येणारी बाई त्याहून जास्त नेते. वर्गातल्या काही मुली पुण्याला गेल्या. तिथे पगार बरा, पण खोलीचं भाडं भरून हातात काही उरत नाही म्हणत. मग नातीने फोन केला, "आज्जी, मी तुझ्याकडे येते. दिल्लीत जास्त देतात आणि तुझ्याकडे भाडं नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. यजमानांच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आले आणि इथलीच झाले. मला नोकरीचे दोनच प्रकार कळतात, सरकारी आणि बाकीचे. आमच्या खालच्या मजल्यावर सरकारी इस्पितळातली नर्स राहते. तिची स्वतःची गाडी आहे. समोरच्या बिल्डिंगमधली नर्स खासगीत आहे, ती बसस्टॉपवर उभी असते. शिक्षण दोघींचं तेच. नातीला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "सरकारी भरती निघेपर्यंत खासगीत करते."

मुलाखत दिल्लीत एका ऑफिसात झाली. नेमणूक मिळाली ती नोएडातल्या हॉस्पिटलची. माझा मुलगा, म्हणजे तिचा मामा, म्हणाला, "नोएडा म्हणजे दिल्लीच यार. मेट्रोत बसली की पोचली." मलाही तसंच वाटत होतं. आम्ही भाजी घ्यायलाही हद्दीपलीकडे जातो, मधे काही भिंत नाही. पण पहिला पगार आला तो ठरल्यापेक्षा कमी. नातीने विचारलं तर तिथला एचआरचा माणूस म्हणाला, "मैडम, वो दिल्ली का रेट है. ये यूपी है."

तरीही तो लातूरपेक्षा जास्त होता, म्हणून ती राहिली. भीती पगाराची नव्हतीच. ती नंतर आली.

नर्सची नोंदणी आपापल्या राज्यात असते. नातीची महाराष्ट्रातली होती. दुसऱ्या राज्यात काम करायचं तर ती तिकडे करून घ्यावी लागते. रुजू होताना एचआरवाल्याने तिचे सगळे ओरिजिनल मागून घेतले. मार्कलिस्टा, डिप्लोमा, नोंदणीचा दाखला, सगळं. म्हणाला, नोंदणी आम्हीच करून देतो, कागद पाठवायला लागतात. सगळ्याच मुलींनी दिले होते, म्हणून हिनेही दिले. पुढे काहीच हललं नाही. आणि अख्खा वॉर्ड हिच्या एकटीच्या अंगावर. डॉक्टर फोनवरून इंजेक्शन सांगायचा, द्यायचं हिने आणि सहीही हिचीच. तिथे केरळची एक जुनी नर्स होती. ती एकदा हिला म्हणाली, "कुछ हो गया ना, तो तू इधर नर्स नहीं है. सिर्फ एक लड़की है जिसने सुई लगाई."

ते ऐकून आल्यापासून पोरगी बदलली. जेवताना फोन वाजला की घास तसाच हातात. ड्युटी नसतानाही विचारायची, "आज्जी, कालचा तो म्हातारा बरा असेल ना?" मी म्हणायचे, "मला काय माहीत? जेव." पण दारावर कुणाचा अनोळखी आवाज आला की मलाही वाटायचं, पोलीस हिला न्यायलाच आले.

अशात दिल्लीच्या सरकारी भरतीची परीक्षा तिने दिली आणि पास झाली. पुढच्या आठवड्यात कागद तपासायला बोलावलं. ओरिजिनल आणा, नाहीतर नाव रद्द. तिने हॉस्पिटलात मागितले. एचआरवाला म्हणाला, बॉन्ड आहे, वर्ष पुरं कर, आणि कागद तर नोंदणीसाठी कौन्सिलमध्ये गेलेत. ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "हरवले असतील गं," एवढंच म्हणत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीला गेली. दुपारी मुलाला न सांगता मी मागोमाग गेले. त्या माणसाच्या पाया पडायचं की भांडायचं, हे काही ठरवलं नव्हतं.

हॉस्पिटल चकाचक. फिनाइलचा वास, दारात नवं पायपुसणं. वॉर्ड नेहमी अर्धा रिकामा असतो असं नात सांगायची, आज एकेक खाट भरलेली. मी तिला शोधत पुढे गेले आणि एका खाटेवर तीच दिसली. पेशंटचा निळा झगा, डोळे मिटलेले, वर सलाईन लटकतंय, हाताला पट्टी. मी खाटेचा गज धरला.

"अगं काय झालं तुला?"

तिने एक डोळा उघडला. "आज्जी! तू कशाला आलीस? हळू बोल. काही झालं नाही. नातेवाईक म्हणून बस इथे."

"मी नातेवाईकच आहे, मेले."

"इन्स्पेक्शन आहे. यांना नर्सिंग कॉलेज काढायचंय, त्याला खाटा भरलेल्या दिसाव्या लागतात. आणि आमची नोंदणी इथली नाही ना, आम्हाला नर्स म्हणून दाखवता येत नाही. म्हणून झोपवलंय."

"सुई टोचलीय?"

"नुसती पट्टी आहे."

शेजारच्या खाटेवर कँटीनवाला जोरजोरात कण्हत होता. नात त्याला म्हणाली, "भैया, थोड़ा कम." तो म्हणाला, "दीदी, पहली बार मर रहा हूँ, करने दो."

तेवढ्यात तपासणीवाले आले. दोन पुरुष आणि चष्मा लावलेली एक बाई. मागे एचआरवाला. बाई नेमकी आमच्यापाशी थांबली.

"अम्मा, क्या हुआ बच्ची को?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सांगितलं तर त्यांच्याबरोबर हीही सापडणार. नोंदणी नसताना इंजेक्शनं दिली हे तिच्याच सहीने निघालं असतं, मग कुठली सरकारी नोकरी? एचआरवाला बाईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. चादरीखालून नातीने माझं मनगट धरलं होतं.

"बुखार," मी म्हणाले.

"कब से?"

"जब से यहाँ आई है."

बाईने मान हलवली आणि पुढे गेली. सगळे ऑफिसात चहाला बसले. काचेतून दिसत होते. एचआरवाला लगेच परत आला. "शाबाश. चलो, उठो, कपड़े बदलो."

नात उठायला लागली. मी तिच्या छातीवर हात ठेवला. "उठू नकोस."

"माताजी?"

"मरीज है ये. छुट्टी होगी तो उठेगी. इसके कागज लाओ, जो तुमने रख लिए हैं."

"माताजी, मज़ाक मत कीजिए. बॉन्ड है."

"बॉन्ड नर्स का है. ये तो मरीज है, अभी तुमने ही दिखाया. उस मैडम से पूछ लूँ?"

"आज्जी, नको," नात मराठीत कुजबुजली. "मलाही धरतील."

मला ते माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. ती बाई चहा संपवून बाहेर येण्यापूर्वी कोण आधी घाबरतं, एवढाच प्रश्न होता. त्याने हाक मारून गार्डला बोलावलं असतं तर मी काय करणार होते? काहीही नाही. उठून पोरीला घेऊन रिकाम्या हाताने घरी गेले असते.

तो वळून गेला. केवढा वेळ गेला कोण जाणे. कँटीनवाल्याने कण्हणं थांबवलं होतं आणि तोही दाराकडे बघत होता. दारात गार्ड दिसला तेव्हा मी डोळेच मिटले. पण गार्ड ऑफिसात बिस्किटं घेऊन निघाला होता. त्याच्या मागून तो माणूस फाईल घेऊन आला.

मला इंग्रजी वाचता येत नाही. नातीने झोपल्या झोपल्या एकेक कागद पाहिला. मार्कलिस्टा होत्या, डिप्लोमा होता. "नोंदणीचा दाखला नाही," ती म्हणाली.

"वो कौन्सिल में है," तो म्हणाला.

ऑफिसात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी उभी राहिले. नुसतीच उभी राहिले. तो पळतच गेला आणि स्वतःच्या टेबलाच्या ड्रॉवरमधून दाखला घेऊन आला. तो कागद कधी कुठे गेलाच नव्हता.

नातीने हाताची पट्टी ओढून काढली, झग्यावरच ओढणी घेतली आणि आम्ही मागच्या जिन्याने उतरलो. त्या महिन्याचा पगार गेला, अनुभवाचा दाखला मिळाला नाही. ती मागायला जाऊ म्हणाली असती तर मी तिला मारलं असतं.

फाटकाबाहेर तीन मुली उभ्या होत्या. प्रवासातून थेट आलेल्या, बॅगा पायाशी, हातात प्लास्टिकच्या फायली. झारखंडहून आलो म्हणाल्या. एकीने नातीला विचारलं, "दीदी, नर्स का इंटरव्यू यहीं है?"

नात ऑटो बघायला पुढे गेली. मीच म्हणाले, "ओरिजिनल मत देना."

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. "फिर नौकरी कैसे मिलेगी, अम्मा? वहाँ तो इसका आधा भी नहीं देते."

नातीने ऑटो थांबवला होता आणि ती मला आत ओढत होती. मी बसले. वळून पाहिलं तेव्हा त्या तिघी बॅगा उचलून आत चालल्या होत्या.