जप्तीतल्या म्हशीची खावटी

मेव्हण्याच्या दुकानाला मी जामीन राहिलो होतो. दुकान बसले, मेव्हणा सासूबाईंना आमच्याकडे ठेवून मुंबईला निघून गेला आणि कोर्टाचा बावन्न रुपयांचा हुकूमनामा माझ्यावर आला. वाडीतल्या सुपारीचे भाव तेव्हा पार उतरले होते. घरात रोख नव्हती. अलिबागेहून बेलीफ आला. रहाटाचा बैल कायद्याने नेता येत नाही, असे त्यानेच सांगितले आणि म्हैस जप्त केली. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली, घरात दुभते तेवढे एकच.

म्हैस अलिबागेस नेली असती तर हाकणाऱ्याची मजुरी माझ्याच माथी बसली असती. म्हणून ती शेजारच्या काकांच्या गोठ्यात सुपूर्द झाली. लिलाव होईपर्यंत त्यांनी सांभाळायची, खावटी, म्हणजे चाऱ्याचा खर्च, रोज चार आणे, ती माझ्याकडून वसूल.

अडचण अशी की म्हैस माझ्या बायकोशिवाय कोणाला पान्हवत नसे. काकूंनी दोन लाथा खाल्ल्या आणि बायकोला हाक मारली. मग ही दोन्ही वेळा कुंपण ओलांडून जाई, धार काढी, चरवी काकूंच्या हाती देई आणि रिकामी परत येई.

मी हिशेब मांडला. रोजचे दूध तीन शेर, दोन आणे शेराने सहा आणे. म्हैस चार आण्यांचे खात होती, सहा आण्यांचे देत होती, आणि वर चार आणे मी देणार होतो. लिलावाची दवंडी पिटायला बेलीफ आला तेव्हा त्याला दुधाचे काय म्हणून विचारले. तो म्हणाला,

"अण्णा, जप्त म्हैस झाली आहे. दुधाचं हुकुमात काही नाही."

"मग दूध माझं."

"म्हैस कोणाची?"

"लिलाव होईतो माझीच."

"मग खाते तेही तुमचंच. द्या चार आणे."

काकांना म्हटले, दुधात खावटी फिटली एवढे लिहून द्या. ते म्हणाले, "बाबा, कोर्टाच्या कागदावर मी अंगठा एकदा दिला तोच पुष्कळ. अर्धा शेर दूध पोरीला ने हवं तर."

"माझ्याच म्हशीचं मागून नेऊ?"

दुसऱ्या दिवशी बायको गेली नाही. संध्याकाळी काकू कुंपणाशी आल्या. "ये गो, तटतटलीय ती. जवळ येऊ देत न्हाय."

"चार आणे घेतात त्यांना काढू दे," बायको आतूनच म्हणाली. पण रात्रभर म्हैस ओरडत राहिली आणि उजाडायच्या आत ही उठून गेली. सड दुखावला तर नुकसान कोणाचे, हे मला सांगावे लागले नाही.

अखेर वाडीतली झाडावरची सुपारी व्यापाऱ्याला पडत्या भावात दिली आणि लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरले. बावन्न मुद्दल. वॉरंटाचे दोन, बेलिफाचा भत्ता एक, दवंडीचे बारा आणे, खावटीचे सहा. एकूण एकसष्ट रुपये बारा आणे. कोर्टातल्या नाझराने पावती दिली. दुधाविषयी विचारले तेव्हा त्याने पुढच्या माणसाला हाक मारली; मागे बरीच माणसे उभी होती.

संध्याकाळी म्हैस घरी आणली. काकांकडे तिला नुसता पेंढाच मिळत असावा. धार जेमतेम शेरभर निघाली. "असू दे," बायको म्हणाली. मुलीला पेलाभर दूध झाले, सासूबाईंसाठी थोडे विरजण लावले. आम्ही दोघांनी चहा कोराच घेतला.